फ्रिजच्या दाराचे रबर आणि वाढलेली वीज
विजेचा वापर वाढला तेव्हा माझा पहिला संशय दिव्यांवर होता. पण ९ वॅटचा एलईडी दिवा रोज ५ तास लावला तरी महिन्याला जेमतेम १.३५ युनिट होतात, हा हिशेब मांडल्यावर लक्ष फ्रिजकडे गेले. त्याचा कॉम्प्रेसर रात्रीही क्वचितच थांबत होता. दारात कागद धरून दार लावले, तर खालच्या कोपऱ्यात तो सहज निसटला, म्हणजे तिथले रबर चपटे होऊन बाहेरची उष्ण, दमट हवा आत शिरत होती. प्लग काढून (हे आधी करावेच) रबर साबणाच्या कोमट पाण्याने पुसले, चपटा भाग हेअर ड्रायरच्या सौम्य उष्णतेने मऊ करून पूर्ववत केला आणि मागच्या जाळीवरची धूळही झाडली. आता कॉम्प्रेसर मधूनमधून विसावतो आणि मीटरच्या रोजच्या नोंदीतही फरक दिसतो.