मॉडेल इंजिन फोटोत तरंगत होतं: अखेर जमलेला उपाय

माझ्याकडे रेल्वेच्या डिझेल इंजिनाचं १:८७ प्रमाणातलं, म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान, मॉडेल आहे. त्याचा फोटो रावेरजवळच्या केळीच्या बागेच्या फोटोवर बसवला, की इंजिन जमिनीपासून सुटलेलं, खेळण्यासारखं दिसायचं. कडा कोरल्या, रंग जुळवले, ब्रशने सावली काढली. काही फरक नाही. तीन रविवार गेले, जीव मेटाकुटीला आला.

चूक कॅमेऱ्याच्या उंचीत होती. बागेचा फोटो १६० सेंमीवरून काढलेला. मॉडेल ८७ पट लहान, तर कॅमेऱ्याची उंचीही तितकीच कमी हवी: १६० भागिले ८७ म्हणजे १.८ सेंमी. मी मात्र मॉडेल वीतभर उंचीवरून टिपत होतो, त्यामुळे क्षितिज जुळणं शक्यच नव्हतं.

आधी बागेचा फोटो सकाळी आठला, ऊन डावीकडून असताना, टेपने उंची मोजून काढला. दुसऱ्या दिवशी आठलाच गच्चीवर पाट ठेवला, त्यावर इंजिन, ऊन पुन्हा डावीकडून. मोबाईल उलटा धरला, म्हणजे कॅमेरा खाली येतो. लेन्स पाटापासून बरोबर १.८ सेंमीवर येते. इंजिनापासून अंतर २३ सेंमी, म्हणजे प्रत्यक्षातले २० मीटर. झूम दोन्हीकडे तेच, मोबाईल सरळ, वर-खाली न कलवता. फोकस पुढून मागे सरकवत सहा फोटो घेतले, ते एकत्र जोडले, नाहीतर मागचा भाग धूसर राहतो.

मग गिंप या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी क्षितिजरेषा जुळवली, नंतरच इंजिन कापलं. कडेला एक पिक्सेल फेदर, म्हणजे कड किंचित मऊ केली. पाटावरची खरी सावली वेगळ्या लेयरवर (थरावर) मल्टिप्लाय मोडमध्ये ठेवली, म्हणजे ती खालचा फोटो फक्त गडद करते. चाकांखालचा तो काळा पट्टा अजिबात पुसू नका, इंजिन त्यानेच जमिनीवर टेकतं.