पावसाळ्यातील सिल्की कोंबड्या : ठाणे व नवी मुंबईतील हौशी पालनकर्त्यांसाठी सल्ला

नैऋत्य मोसमी पाऊस मुंबई-ठाणे पट्ट्यात सर्वसाधारणपणे ११ जूनच्या सुमारास दाखल होतो आणि ८ ऑक्टोबरच्या आसपास परततो. या चार महिन्यांत सिल्की बाळगणाऱ्यांनी असलेले पक्षी कोरडे व निरोगी राखण्यावर भर द्यावा आणि नवी पिल्ले काढण्याचा मोह टाळावा. पैदाशीचा हंगाम दिवाळीनंतर सुरू केला, तर नोव्हेंबर ते जानेवारीत निघालेली पिल्ले पुढच्या पावसाच्या आत पाच-सात महिन्यांची होतात, त्यांचे लसीकरण पूर्ण झालेले असते आणि रक्ती हगवणीचे सर्वांत नाजूक वय मागे पडलेले असते. जुलैत निघालेल्या पिल्लाला यांपैकी काहीच लाभत नाही.

सिल्कीच्या बाबतीत एवढी काळजी का, याचे कारण तिच्या पिसांत आहे. साध्या कोंबडीच्या पिसातील तंतू सूक्ष्म आकड्यांनी एकमेकांत अडकलेले असतात, त्यामुळे पिसाचे सपाट पाते तयार होते आणि पाणी त्यावरून ओघळून जाते. सिल्कीच्या पिसांत हे आकडे नसल्याने तंतू सुटे, मऊ राहतात, पाणी थेट कातडीपर्यंत पोहोचते आणि लहान अंगाचा हा पक्षी लवकर गारठतो. त्याच कारणाने तिला उडताही येत नाही, आणि डोक्यावरची शेंडी डोळ्यांवर आल्याने वरून किंवा बाजूने येणारा धोका तिला उशिरा दिसतो. गावठी कोंबडी पाऊस आला की आडोशाला पळते. सिल्की मात्र पुष्कळदा जागच्या जागी भिजत उभी राहते, म्हणून संध्याकाळी पक्षी मोजून आत घेणे हे काम पालनकर्त्याचेच आहे.

खुराड्याची डागडुजी मे महिन्यातच संपवावी. घणसोली, दिवाळे किंवा कोलशेतसारख्या खाडीलगतच्या गावठाणांत मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आला की सखल भागांत पाणी साचते. तेथे खुराड्याची जमीन विटांच्या किंवा लोखंडी घोडीच्या आधाराने किमान दोन फूट उचललेली असावी. आमच्याकडे पावसाचा मारा मुख्यतः पश्चिम व नैऋत्य बाजूने होतो, म्हणून दर्शनी बाजू पूर्वेकडे ठेवावी आणि पश्चिमेच्या भिंतीला ताडपत्री लावावी. मात्र ताडपत्री छतापर्यंत घट्ट बांधून खुराडे चारही बाजूंनी बंद करणे ही फार सर्रास आढळणारी आणि घातक सवय आहे. आतली दमट हवा कोंडते, विष्ठेतून अमोनिया सुटतो, डोळे चुरचुरतात आणि श्वसनाचे आजार मागे लागतात. छताखाली वीतभर मोकळी पट्टी जाळी लावून उघडीच ठेवावी. सकाळी खुराड्याचे दार उघडताच माणसाच्या नाकाला उग्र वास जाणवला, तर पक्ष्यांना तो रात्रभर सोसावा लागला आहे असे समजावे.

तळाला भाताचे तूस किंवा कोरडा लाकडी भुसा तीन-चार इंच जाडीचा पसरावा आणि रोज खालीवर करावा. मूठभर तूस हातात दाबल्यावर त्याचा गोळा होत असेल, तर ते बदलण्याची वेळ झालेली आहे. ओलसर जागी थोडा चुना मिसळता येतो, पण चुन्याची धूळ बसेपर्यंत पक्षी बाहेर ठेवावेत. बसण्याचे दांडे फूटभराहून उंच नकोत, कारण उडता न येणारा पक्षी उंचावरून उतरताना पायांना इजा करून घेतो. प्रत्येक पक्ष्यामागे चार चौरस फूट जागा धरावी. जाळी अर्ध्या इंचाची, वेल्ड केलेली असावी. षटकोनी जाळीतून लहान धामण सहज आत शिरते, आणि घूस ती कुरतडते. येऊरच्या बाजूला बिबट्याचा वावर असल्याने तेथे रात्री पक्षी उघड्यावर ठेवण्याचा प्रश्नच येत नाही.

पिण्याच्या पाण्यासाठी उघडी भांडी पावसाळ्यात तरी वापरू नयेत, कारण शेंडी आणि दाढीची पिसे त्यात सतत भिजतात, त्यावर खाद्य चिकटते आणि डोळ्यांभोवती संसर्ग होतो. निपल लावलेली बाटली किंवा नळी हा त्यावरचा सोपा उपाय आहे. डोळ्यांवर येणारी पिसे कात्रीने आखूड करावीत. प्रदर्शनात मांडायचा पक्षी नसेल, तर शेंडीच्या डौलापेक्षा त्याला दिसणे महत्त्वाचे आहे. पायांवर आणि बोटांवरही पिसे असल्याने चिखलाचे गोळे तेथे वाळून बसतात. दर दोन-तीन दिवसांनी पाय कोमट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करावेत आणि तळव्याला सूज किंवा काळी खपली आहे का ते पाहावे. पक्षी पूर्ण भिजलाच, तर टॉवेलने टिपून, हेअर ड्रायरच्या मंद उष्णतेवर, पिसे हाताने मोकळी करत सुकवावा. बाहेरून कोरडा वाटणारा पक्षी पोटाखाली ओला असतो, हे विसरू नये.

आजार ओळखण्याच्या नेहमीच्या काही खुणा सिल्कीवर चालत नाहीत, आणि हौशी मंडळींचा सर्वाधिक गोंधळ येथेच होतो. तिची कातडी, हाडे आणि तुरा मुळातच काळसर असतात. इतर कोंबड्यांत तुरा निळा-काळा पडणे किंवा फिकट होणे ही धोक्याची सूचना असते, पण सिल्कीचा तुरा निरोगी असतानाही गर्द जांभळा दिसतो. त्यामुळे श्वास घेताना उघडी चोच, सुस्ती, हिरवट पातळ विष्ठा, खाद्य अचानक कमी होणे यांवर लक्ष ठेवावे लागते. देवी रोगाचे फोड शेंडीखाली लपतात, म्हणून आठवड्यातून एकदा तुरा व पापण्यांवर बोट फिरवून खपल्या चाचपाव्यात. उवा आणि माइट (कातडीवर राहणारे कोळ्यासारखे सूक्ष्म परजीवी) दाट पिसांत वरून दिसत नाहीत. गुदद्वाराभोवतीची आणि पंखांखालची पिसे फुंकर मारून विलग केली की कळते.

मान मुरडण्याचे लक्षण विशेष जपून तपासावे. सिल्कीच्या अनेक पक्ष्यांत कवटीवर हाडाचा उंचवटा असतो, त्यातील हाड अपुरे असू शकते, आणि तेथे चोच बसली किंवा मार लागला तर मान वाकडी होते. जीवनसत्त्व ई किंवा बी-१ च्या कमतरतेनेही असे घडते, म्हणून पुष्कळ जण टॉनिक देऊन वाट पाहतात. परंतु मानमोडी, म्हणजे राणीखेत, या प्राणघातक रोगाचे लक्षणही हेच आहे. लस न दिलेल्या पक्ष्याची मान वळली, तर तो त्याच क्षणी वेगळा काढावा आणि पशुवैद्यकाला दाखवावा, टॉनिक नंतर.

लसीकरणाचा क्रम प्रचलित असाच आहे : पहिल्या दिवशी मरेक्स रोगाची लस, पाच ते सात दिवसांच्या दरम्यान लासोटा (राणीखेतची लस), दुसऱ्या आठवड्यात गंबोरो रोगाची लस, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा, सहा ते आठ आठवड्यांत देवी आणि त्यानंतर आर-टू-बी (हीही राणीखेतचीच लस). सिल्की मरेक्सला विशेष बळी पडते, आणि एक पाय पुढे व एक मागे पसरून पडलेला तरुण पक्षी बहुधा त्याच रोगाचा असतो. त्यावर उपचार नाही. देवीचा प्रसार डासांमार्फत होतो, त्यामुळे ती लस पावसाच्या आधीच टोचलेली असावी आणि खुराड्याला डासांची जाळी लावावी. लसीची कुपी सहसा शंभर किंवा अधिक मात्रांची असते. दहा-बारा पक्ष्यांसाठी ती परवडत नाही, म्हणून एका परिसरातील पालनकर्त्यांनी दिवस ठरवून एकत्र लस टोचून घ्यावी. लस बर्फातून आणावी, २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी आणि मिसळल्यावर तासा-दोन तासांत संपवावी.

खाद्य पंधरा दिवसांपुरतेच घ्यावे, फळीवर ठेवावे आणि बुरशीचा वास येताच फेकावे. बुरशीचे विष यकृतावर जाते, आणि ते उन्हात वाळवूनही नष्ट होत नाही.

पावसाळ्यात पालनकर्त्याची खरी परीक्षा खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसू पाहणाऱ्या, माद्या घेतात. सिल्की वर्षाला साधारण शंभर-सव्वाशे अंडी देते आणि मध्येच वारंवार रवणीला (अंडी उबवायला) बसते. घरात अंडी आहेत, कोंबडी बसलेली आहे, मग उबवू द्यायला काय हरकत, असा विचार स्वाभाविक आहे. पण दमट तुसात रक्ती हगवणीचे जंतू झपाट्याने वाढतात आणि तीन ते सहा आठवड्यांची पिल्ले त्यात दगावतात, शिवाय ओल्या हवेत पिल्लांना ऊब देताना वीज गेली तर तेवढेच निमित्त पुरते. मादीला उठवण्यासाठी तळाला जाळी असलेल्या, उजेडाच्या व हवेशीर पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवावे. खाद्य आणि पाणी भरपूर द्यावे, फक्त बसायला मऊ जागा देऊ नये. खालून हवा लागली की बहुतेक माद्या सवय सोडतात. सिल्की हट्टी असते, तिला आठवडा लागला तरी नवल नाही. रवणीला तसेच बसू दिले, तर ती दिवसातून एकदाच खायला उठते, वजन घटते आणि घरट्यात माइट माजतात.

पैदाशीची तयारी मात्र सप्टेंबरातच सुरू करावी. सिल्कीची रेशमी पिसे हा अप्रभावी गुण आहे, म्हणजे तो नर व मादी दोघांकडून यावा लागतो. गावठी कोंबड्याशी संकर झाला, तर पिल्लांना सिल्कीसारखी पाच बोटे, शेंडी आणि काळपट कातडी येऊ शकते, पण पिसे साधीच राहतात. विकत घेताना केवळ पाच बोटे पाहून पक्षी शुद्ध आहे असे मानण्यात म्हणूनच अर्थ नाही. (काळ्या मांसाच्या नावाखाली कडकनाथशी तिची गल्लत करणारे विक्रेतेही भेटतात. कडकनाथ ही झाबुआकडची वेगळी जात आहे आणि तिची पिसे साधी असतात.) मादीच्या शरीरात नराचे वीर्य दोन ते तीन आठवडे टिकते, त्यामुळे अंडी गोळा करण्याच्या किमान तीन आठवडे आधी गावठी नर वेगळे करावेत. एका नरामागे चार-पाच माद्या पुरेत. दोघांच्या गुदद्वाराभोवतीची दाट पिसे आखूड केली की अंडी फळण्याचे प्रमाण वाढते. डोक्यावर फार मोठा उंचवटा असलेले नर आणि मादी एकमेकांना जोडू नयेत.

ऑक्टोबरची उष्णता ओसरल्यावर पाच-सहा दिवसांच्या आतली, मध्यम आकाराची, स्वच्छ अंडी निवडावीत. सिल्की मादीखाली तिची स्वतःची सहा ते आठ अंडी बसतात. उबवण यंत्रात पंखा असेल तर तापमान ३७.५ अंश, आर्द्रता पन्नास ते पंचावन्न टक्के ठेवावी, आणि शेवटचे तीन दिवस अंडी फिरवणे थांबवून आर्द्रता पासष्टच्या पुढे न्यावी. सातव्या आणि चौदाव्या दिवशी अंडी उजेडासमोर धरून पारखावीत. पिल्ले एकविसाव्या दिवसाच्या सुमारास निघतात. पहिल्या आठवड्यात त्यांना ३५ अंशांची ऊब द्यावी व दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी करावी. पाण्याच्या भांड्यात खडे टाकावेत, कारण पिल्ले त्यात बुडतात.

हा हंगाम स्थलांतरित पाणपक्ष्यांचाही असतो, आणि ठाणे खाडी त्यांचे मोठे ठिकाण आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातील वेहळोली येथे बर्ड फ्लू आढळला होता. खुराड्यावर जाळी असावी, बगळे-कावळ्यांना खाद्य मिळू नये, बाजारातून आलेला नवा पक्षी तीन आठवडे वेगळा ठेवावा. एकाएकी अनेक पक्षी मेले, तर ते खाडीत किंवा कचऱ्यात न टाकता जवळच्या शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. २००९ च्या प्राणी रोग प्रतिबंधक कायद्याने असे कळवणे बंधनकारक आहे.

सिल्कीचे नर-मादी चार-पाच महिन्यांपर्यंत खात्रीने ओळखता येत नाहीत, आणि निघालेल्या पिल्लांपैकी साधारण निम्मे नर असतात. गावठाणातील भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांत किंवा बंगल्यांच्या सोसायटीत पहाटे चार-पाच नर आरवू लागले, तर तक्रार व्हायला वेळ लागत नाही. अंडी उबवायला ठेवण्यापूर्वीच या जादा नरांची सोय मुरबाड-शहापूरकडील एखाद्या पालनकर्त्याकडे ठरवून ठेवावी, आणि त्या वयाआधी कोणतेही पिल्लू मादी म्हणून विकू नये.