नवे शिफ्ट इन्चार्ज झालात? या चुका टाळा

चाकण, भोसरी, वाळूज, सातपूर, कुठल्याही एमआयडीसीत बढतीची पद्धत जवळपास सारखीच असते. लाइनवरचा सगळ्यांत तयार सेटर (मशीनचं सेटिंग लावणारा) किंवा ज्युनिअर इंजिनिअर, ब्रेकडाउन आला की ज्याला आधी हाक मारतात, त्यालाच शिफ्ट इन्चार्ज करतात. हातात पत्र येतं, पगार थोडा वाढतो आणि पंचवीस-तीस माणसं हाताखाली येतात. ती सांभाळायची कशी, हे मात्र बहुतेक ठिकाणी कुणी शिकवत नाही. त्यामुळे पहिल्या सहा महिन्यांतल्या चुका सगळीकडे त्याच असतात. सुरुवातीलाच लक्ष दिलं तर त्या सुधारतात. अंगवळणी पडल्या, की चांगला तयारीचा माणूसही त्याच पोस्टवर वर्षानुवर्षं अडकतो.

मशीनवरून हात निघत नाही

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. लक्षणं सोपी आहेत: जेवायला बसलात तरी फोन वाजतो, तुम्ही सुट्टीवर गेलात की प्रॉडक्शन पडतं, आणि सेटिंग बिघडलं की ऑपरेटर हात बांधून तुमची वाट बघतो. बऱ्याच जणांना याचा अभिमान वाटतो. ‘माझ्याशिवाय लाइन चालत नाही’ असं ते सांगतातही. प्लांट हेड मात्र त्याचा सरळ अर्थ लावतो: याला इथून हलवलं तर लाइन बसेल, तेव्हा याला इथेच ठेवू.

उपाय म्हणजे शिकवणं, आणि शिकवण्याची एक जुनी, पारखलेली पद्धत आहे. अमेरिकेत १९४० मध्ये सरकारने ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री नावाची योजना काढली. युद्धसामग्रीचं उत्पादन झपाट्याने वाढवायचं होतं, कारखान्यांत नवखी माणसं येत होती आणि त्यांना कामाला लावायची जबाबदारी सुपरवायझरवर होती. युद्धानंतर ही पद्धत जपानमध्ये पोहोचली आणि १९५०च्या दशकात टोयोटाने ती घेतली. तिच्या पायऱ्या चारच आहेत: माणसाला तयार करा, काम करून दाखवा, त्याच्याकडून करून घ्या आणि नंतर लक्ष ठेवा.

आपल्याकडे गाडी दुसऱ्या पायरीवर थांबते. ‘बघ, असं करायचं. कळलं ना?’ पोरगा ‘हो सर’ म्हणतो आणि आपण पुढे जातो. त्या ‘हो’वर विसंबू नका. इन्सर्ट (टूलचं कापणारं, बदलता येणारं टोक) बदलायला शिकवायचं असेल तर एकदा करून दाखवा आणि मुख्य मुद्दे कारणासकट सांगा. मग पाना त्याच्या हातात द्या आणि बोलत बोलत करायला सांगा.

‘आधी इन्सर्टची बसायची जागा, सीट, पुसली.’

‘का पुसली?’

‘धातूची चिप राहिली तर इन्सर्ट नीट बसत नाही, साइज जातो.’

कारण त्याच्या तोंडून आलं की समजा काम पोहोचलं. त्यानंतरचे दोन-तीन दिवस चक्कर मारताना त्याच्या मशीनपाशी थांबायचं, एवढंच. एका वेळी एक काम आणि एक माणूस, यापेक्षा जास्त अंगावर घेऊ नका. भिंतीवरचा स्किल मॅट्रिक्स, म्हणजे कुणाला कुठलं काम येतं त्याचा तक्ता, बहुतेक वेळा ऑडिटच्या आदल्या दिवशी भरलेला असतो. तो खरा भरा. कुठल्या कामाला तुमच्याशिवाय दुसरं कुणीच नाही, हे त्यातून दिसतं आणि शिकवायला तिथूनच सुरुवात करायची.

हँडओव्हर तोंडी उरकणं

दुपारी साडेतीनला शिफ्ट सुटते, बस गेटवर उभी असते आणि लॉगबुकमध्ये एक ओळ पडते: ‘मशीन नं. ४ ओके.’ तासाभराने सेकंड शिफ्टचं रिजेक्शन सुरू होतं आणि दोन इन्चार्जमध्ये वादावादी. हीच नोंद अशी हवी (बोअर म्हणजे नगातलं भोक, ऑफसेट म्हणजे मशीनमध्ये भरायची टूलची दुरुस्ती): ‘मशीन नं. ४, बोअर खालच्या लिमिटकडे सरकतोय, इन्सर्ट घासलाय. १:१५ला ऑफसेट १० मायक्रॉन वाढवला. नवा इन्सर्ट ट्रॉलीवर ठेवलाय, शिफ्टच्या सुरुवातीला बदला, मग फर्स्ट पीस क्वालिटीकडून पास करून घ्या.’ लिहायला दोन मिनिटं लागतात. पुढच्याला काय करायचं ते कळतं आणि उद्या भांडणाऐवजी बोलणं होतं.

लिहून झालं तरी दहा मिनिटं थांबा आणि पुढच्या इन्चार्जसोबत लाइनवरून एक फेरी मारा. अडकलेलं मटेरियल, गैरहजर माणसं, बायपास केलेला सेन्सर यातलं काहीही त्याला स्वतः शोधावं लागता कामा नये. इंटरलॉक, म्हणजे धोका असताना मशीन चालू न देणारी सुरक्षा यंत्रणा, बायपास असेल तर हँडओव्हर पुरेसा नाही. ते मशीन बंद ठेवा आणि वर कळवा. टार्गेट नंतर भरून निघतं, तुटलेलं बोट परत येत नाही. या एका बाबतीत कुणाचंही, अगदी साहेबांचंही, ऐकू नका.

पहिलाच प्रश्न ‘कोणी केलं?’

रिजेक्शन बिनमध्ये माल कमी दिसतो, पण कस्टमरकडून तक्रारी येतात? म्हणजे खराब जॉब (नग) कुठेतरी लपतोय. ऑपरेटर खोटारडा असतो म्हणून असं घडत नाही. मागच्या वेळी खरं सांगितलं तेव्हा सगळ्यांसमोर बोलणी बसली, हे त्याच्या लक्षात असतं.

टोयोटाच्या लाइनवर अँडॉनची, म्हणजे अडचणीचा इशारा देणारी, दोरी असते (काही प्लांटमध्ये आता बटण). काही वावगं दिसलं की कामगार ती ओढतो, टीम लीडर धावत येतो आणि ठरलेल्या टप्प्यापर्यंत प्रश्न सुटला नाही तर लाइन थांबते. तुमच्याकडे दोरी नसेल, पण धावत जाणं तुमच्या हातात आहे. पोहोचल्यावर विचारा, ‘काय दिसलं? केव्हापासून? कितवा जॉब?’ आणि थांबवलंस ते बरं केलंस, हे तिथल्या तिथे बोलून दाखवा. माणूस चुकला असेल तर त्याला बाजूला घेऊन सांगा. चारचौघांत कधीच नको.

कालचा मित्र, आजचा साहेब

सव्वीस वर्षांच्या इन्चार्जला बावन्न वर्षांच्या ऑपरेटरला काम सांगायचं असतं तेव्हा जीभ अडखळते. काही जण एकदम आवाज चढवतात, काही जण काम सांगायचंच टाळतात आणि ते एखाद्या अप्रेंटिसवर ढकलतात. दोन्हींत नुकसान आहे. ‘काका’ म्हणत होतात तर ‘काका’च म्हणा. आकडा मात्र स्पष्ट सांगा: ‘काका, काल तुमच्या मशीनवर चाळीस जॉब कमी पडले, काय अडलं?’ मानही राहतो आणि मुद्दाही. शिवाय त्या मशीनचा आवाज बदलला की काय होणार हे त्यांना तुमच्याआधी कळतं, तेव्हा नवी पोरं शिकवायला त्यांच्याकडेच द्या.

बॅचमेटचं प्रकरण अवघड. ‘अरे, तू आता साहेब झालास’ हे टोमणे काही आठवडे चालतात, चालू द्या. पण सोपं मशीन, रविवारचा ओव्हरटाइम, गणपतीची सुट्टी यांत मित्राला झुकतं माप दिलंत, तर उरलेली लाइन ते विसरत नाही. सुट्ट्यांचं वेळापत्रक आधी लावा, सगळ्यांना दिसेल असं. ओव्हरटाइमला दुप्पट दर आहे, त्यामुळे तो कुणाला मिळतो यावर सगळ्यांची नजर असते. पाळी ठरवून द्या. आणि नाही न म्हणणाऱ्या त्याच दोन पोरांना सलग दोन शिफ्टला जुंपू नका, दमलेल्या माणसाच्या हातून अपघात होतात.

वर फक्त अडचणीच पोहोचवणं

सकाळच्या मीटिंगमध्ये बरेच इन्चार्ज कारणांची यादी वाचतात: मटेरियल नव्हतं, मेंटेनन्स आलं नाही, तीन जण गैरहजर. सगळं खरं असतं, तरी ऐकणाऱ्याला पुढे काय करायचं ते कळत नाही. तेच असं सांगा: ‘दोन तास मशीन बंद होतं, कूलंट पंप गेला. तात्पुरता दुसरा लावलाय. नवा मागवायला तुमची सही लागेल.’ काय झालं, आपण काय केलं, तुमच्याकडून काय हवं. बोलणं मराठीत झालं तरी चालतं. इंग्रजी कच्चं आहे म्हणून मागच्या खुर्चीवर गप्प बसणारी हुशार माणसं पाहिली की मला मनापासून वाईट वाटतं. आकडे पक्के असलेल्या माणसाचं म्हणणं मोडक्यातोडक्या भाषेतही ऐकलं जातं. ईमेलचं इंग्रजी मात्र हळूहळू सुधारत राहा, कारण पुढच्या पदांवर कस्टमरशी लिखापढी येते.

अप्रेझलचा फॉर्म आल्यावर वर्षभराचं आठवत बसायची वेळ बहुतेकांवर येते. दर महिन्याच्या शेवटी वहीत चार ओळी लिहा: रिजेक्शन किती होतं, किती झालं, कुणाला काय शिकवलं, कुठली सुधारणा टिकली. दोन-तीन हजारांसाठी शेजारच्या कंपनीत उडी मारण्याआधीही ही वही वाचा. नव्या ठिकाणी नवं काय शिकायला मिळेल, याचं उत्तर त्यात सापडलं नाही, तर घाई करू नका.

पुढची पोस्ट मागायला जाताना स्किल मॅट्रिक्स आणि ही वही सोबत न्या, आणि तुमच्या जागी उभा राहील असा एक माणूस नावानिशी सांगा. त्याआधी आठवडाभर रजा घ्या आणि शिफ्ट त्याच्या हातात देऊन बघा. परत आल्यावर जिथे अडलेलं दिसेल, ते त्याला शिकवायचं राहिलेलं काम आहे. ते संपवा, मग साहेबांची वेळ मागा.