घेवड्याच्या दाट सुपाबरोबर कोणती स्पॅनिश रेड वाइन?

जांभळे खाताना आपण शेजारी चिमूटभर मीठ घेऊन बसतो. मीठ लागले की जांभळाचा तुरटपणा उतरतो, जीभ ओढल्यासारखी होत नाही आणि आतली गोडी वर येते. रेड वाइन आणि कडधान्याचे सूप यांची जोडी जमते, तीही मुख्यतः याच कारणाने. द्राक्षाच्या साली, बिया आणि ओकच्या लाकडाची पिंपे यांतून वाइनमध्ये जी टॅनिन उतरतात, ती लाळेतील प्रथिनांना धरून ठेवतात आणि तोंड कोरडे पडते. कोरा चहा जास्त उकळला गेला की जे होते, तेच. सुपात मीठ नेमके आणि स्निग्धता पुरेशी असेल, तर हा तुरटपणा मऊ होतो. सूप अळणी आणि बिनतेलाचे असेल, तर कितीही महागडी बाटली आणली तरी ती कडवटच लागेल. म्हणून आधी बाटली आणून मग तिच्यासोबत काय करावे याचा विचार करण्यापेक्षा, सूप कसे होणार हे ठरवूनच दुकानात जावे.

सुपासाठी माझी पहिली पसंती वाघ्या घेवड्याला आहे. सातारा जिल्ह्यातील कोरेगाव भागातल्या या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. फिकट दाण्यावर तांबूस पट्टे असतात, शिजल्यावर ते नाहीसे होतात आणि रसाला मातकट गुलाबी रंग येतो. पुण्यात मंडईच्या आसपासच्या किंवा मार्केट यार्डातील भुसार दुकानांत तो मागून घ्यावा लागतो, कारण ‘घेवडा’ म्हटले की अनेकदा कोणताही राजमा पुड्यात बांधून मिळतो. तो न मिळाल्यास लाल राजमा चालेल. पांढरे सूप करायचे असेल, तर डबल बी घ्यावी. स्पेनमध्ये वालेन्सियाच्या पाएया या भाताच्या पदार्थात जो मोठा पांढरा दाणा घालतात, तो याच जातीचा आहे. घेवडा, टोमॅटो आणि मिरची या तिन्ही गोष्टी अमेरिकेतल्या असून १४९२ नंतरच समुद्रापार आल्या, त्यामुळे स्पॅनिश स्वयंपाकघरातील घेवड्याची भांडी आणि आपली घेवड्याची उसळ ही दूरची भावंडे मानायला हरकत नाही.

चार जणांसाठी पाव किलो घेवडा रात्रभर, म्हणजे आठ ते दहा तास, भरपूर पाण्यात चमचाभर मीठ घालून भिजवावा. मिठामुळे दाणा कडक होतो हा समज खरा नाही. उलट साल मऊ पडते. दाणा शिजू देत नाहीत ते टोमॅटो आणि जड पाणी. ज्यांच्या सोसायटीत बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी येते, त्यांनी शिजवण्यापुरते पिण्याचे पाणी वापरावे. भिजवलेले पाणी टाकून द्यावे, घेवड्यावर चार बोटे पाणी राहील इतके नवे पाणी, एक तमालपत्र आणि लसणाच्या दोन ठेचलेल्या पाकळ्या घालून कुकरला पाच-सहा शिट्ट्या कराव्यात आणि नंतर मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटे ठेवावे. राजमा आणि त्याच्या जातीच्या दाण्यांत कच्चेपणी लेक्टिन नावाचे एक बाधक प्रथिन असते, ज्याने उलट्या आणि जुलाब होऊ शकतात. ते नष्ट होण्यासाठी खळखळून उकळी लागते. त्यामुळे कुकर न वापरता मंद आचेच्या विजेच्या भांड्यात सूप करणाऱ्यांनी दाणे आधी निदान दहा मिनिटे उघड्या भांड्यात चांगले उकळून घ्यावेत.

उघड्या पातेल्यात शिजवण्याइतका वेळ ज्यांना आहे, त्यांनी उत्तर स्पेनमधील अस्तुरियासची रीत एकदा करून पाहावी. तिथल्या फाबादा या पांढऱ्या घेवड्याच्या पदार्थात दाणे शिजत असताना मध्येमध्ये थोडे गार पाणी घालतात आणि त्याला ‘दाण्यांना दचकवणे’ असे म्हणतात. उकळी क्षणभर बसते, साल फुटत नाही आणि आतला भाग लोण्यासारखा होतो.

दाणे शिजत असताना जाड बुडाच्या पातेल्यात चार मोठे चमचे ऑलिव्ह तेल घ्यावे आणि त्यात दोन मोठे कांदे बारीक चिरून अगदी मंद आचेवर परतावेत. येथे घाई करू नये. वीस मिनिटे तरी लागतात; कांदा आधी पाणी सोडतो, मग काचेसारखा होतो, मग कडेने तांबूस होऊ लागतो आणि तेल पुन्हा वर दिसू लागते. त्यानंतर लसणाच्या पाच पाकळ्या, एक गाजर, एक लाल ढोबळी मिरची आणि शेवटी तीन टोमॅटो किसून घालावेत, आणि टोमॅटोचा कच्चा वास जाऊन सगळ्याचा एक घट्ट गोळा होईपर्यंत परतत राहावे. यात घेवडा त्याच्या पाण्यासकट ओतावा, डावभर दाणे घोटून परत मिसळावेत आणि पंधरा मिनिटे उकळू द्यावे. मीठ शेवटी चाखून घालावे, आणि नेहमीपेक्षा किंचित चढेच ठेवावे.

आता धुराची बाब. स्पेनच्या एस्त्रेमादुरा प्रांतातील ला वेरा खोऱ्यात लाल मिरच्या ओकच्या लाकडाच्या धुरावर सुमारे दोन आठवडे वाळवून मग दळतात, आणि ही पिमेन्तोन नावाची पूड घेवड्याच्या सुपाला त्याची ओळख देते. पुण्यात ती मोठ्या दुकानांत डबीतून मिळते. नसेल तेव्हा मी ब्याडगी मिरचीची पूड दीड चमचा घालतो, कारण तिच्यात रंग भरपूर आणि तिखटपणा कमी असतो. सूप तयार झाल्यावर लहान वाटीत पेटता निखारा ठेवून ती वाटी सुपावर तरंगवतो, निखाऱ्यावर तुपाचे चार थेंब सोडतो आणि तीन मिनिटे झाकण ठेवतो. त्याहून अधिक वेळ ठेवल्यास सूप चुलीच्या काजळीसारखे लागते आणि मग वाइनचा गंध येत नाही.

काय घालू नये, हे काय घालावे याइतकेच महत्त्वाचे आहे. गूळ घालू नये. उसळीत गुळाचा खडा टाकल्याशिवाय आपला हात राहत नाही, हे मला मान्य आहे. परंतु पदार्थातल्या गोडीमुळे कोरडी रेड वाइन अधिक आंबट आणि अधिक कडू लागते. काही वर्षांपूर्वी पाहुण्यांसाठी मी हेच सूप आमटीच्या वळणाने, चिंच-गूळ आणि हिरव्या मिरचीची फोडणी देऊन केले होते आणि सोबत जपून ठेवलेली एक रेसेर्वा, म्हणजे जास्त काळ मुरवलेली स्पॅनिश रेड वाइन, उघडली होती. पहिल्या घोटानंतर सगळे गप्प झाले. एकाने विचारले, “हा काढा आहे का?” वाइन खराब नव्हती, दुसऱ्या दिवशी नुसत्या चीजबरोबर तीच बाटली उत्तम लागली. हिरव्या मिरचीचा दोष निराळा आहे: अल्कोहोलमुळे मिरचीची आग भडकते, आणि त्या आगीत वाइनमधल्या फळाचा स्वाद हरवतो. गोडा मसाला चिमूटभर चालतो, कारण त्यातील लवंग आणि दालचिनी ओकच्या पिंपाच्या वासाशी जुळतात; चमचाभर घातला की मात्र केवळ मसालाच बोलतो.

वर सांगितलेल्या सुपासाठी उत्तर सोपे आहे. रियोहा भागातली ‘क्रियान्सा’ घ्यावी. उत्तर स्पेनमधील रियोहात मुख्य द्राक्ष टेम्प्रानियो हे असून, लवकर पिकते म्हणून स्पॅनिशमधल्या ‘लवकर’ या अर्थाच्या शब्दावरून त्याला हे नाव पडले. तेथील क्रियान्सा किमान दोन वर्षे मुरवलेली असते आणि त्यांपैकी किमान एक वर्ष ती ओकच्या पिंपात काढते. रेसेर्वाला किमान तीन वर्षे आणि ग्रान रेसेर्वाला किमान पाच वर्षे लागतात. बाटलीच्या मागच्या बाजूला नियामक मंडळाची छोटी चिठ्ठी असते: क्रियान्साची लाल, रेसेर्वाची गडद मरून, ग्रान रेसेर्वाची निळी आणि कोवळ्या, म्हणजे फारशा न मुरवलेल्या, वाइनची हिरवी. दुकानात उभ्याउभ्या निवड करताना हा रंग फार उपयोगी पडतो.

क्रियान्साच का? तिच्यात चेरीसारख्या फळाचा स्वाद अजून ताजा असतो, टोमॅटोला पुरून उरेल इतकी आंबट धार असते आणि पिंपातून आलेला व्हॅनिलाचा हलका वास धुराच्या चवीशी मैत्री करतो. ग्रान रेसेर्वा या सुपाबरोबर उघडणे हा माझ्या मते अपव्यय आहे. तिचे सुकलेल्या पानांचे आणि चामड्याचे नाजूक गंध घेवड्याच्या दाटपणाखाली दबून जातात.

सूप बदलले की बाटलीही बदलावी. डबल बीचे पांढरे, टोमॅटोविरहित सूप असेल, तर वायव्येकडील बिएर्सो भागातली, मेन्सिया द्राक्षाची हलकी आणि सुगंधी वाइन अधिक शोभते. मटणाची हाडे किंवा भरपूर चरबी असलेले सूप असेल, तर उंच पठारावरच्या रिबेरा देल दुएरोची टेम्प्रानियो घ्यावी, कारण तिचा तुरटपणा चरबीशिवाय एकटा झेपत नाही. कॅम्पात मिळणारे गोव्याचे चोरिस, म्हणजे डुकराच्या मांसाचे सॉसेज, घालणार असाल, तर ते स्पॅनिश चोरिसोसारखे असेल असे गृहीत धरू नये. गोव्याच्या चोरिसात व्हिनेगर आणि तिखट दोन्ही जास्त असतात. त्याला गार्नाचा द्राक्षाची कोवळी, ओकविरहित, थोडी गार केलेली वाइन बरी. लेबलवर ती ‘होवेन’ म्हणून ओळखता येते, मात्र या शब्दाचे स्पेलिंग ‘जे’ने सुरू होते, हे दुकानात शोधताना ध्यानात ठेवावे. शाकाहारी घरात स्निग्धता कमी पडते. तेव्हा वाढताना प्रत्येक वाडग्यात चमचाभर ऑलिव्ह तेल सोडावे किंवा खारट चीज किसून घालावे. हा चमचा वगळला तर जोडी जमत नाही.

पुण्यात वाइन विकत घेताना वर्षापेक्षा ती कशी ठेवली होती हे आधी पाहावे. मी एकदा दर्शनी काचेत, दुपारच्या उन्हात उभी असलेली क्रियान्सा सवलतीच्या मोहाने उचलली. घरी आवरण सोलल्यावर बूच किंचित वर सरकलेले दिसले आणि वाइनला शिजवलेल्या मनुकांचा वास येत होता. बुचाच्या कडेने ओघळ असेल किंवा बूच वर आलेले जाणवत असेल, तर ती बाटली परत ठेवावी.

रेड वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ द्यावी हा सल्ला युरोपातल्या गार घरांसाठी होता. क्रियान्सा १६ ते १८ अंशांवर, तर कोवळी वाइन १३ ते १५ अंशांवर उत्तम लागते; आपली खोली एप्रिलमध्ये ३० अंशांच्या वर असते. हिवाळ्यात बाटली अर्धा-पाऊण तास आणि उन्हाळ्यात तासाहून जरा अधिक वेळ फ्रिजमध्ये ठेवावी. विसरल्यास बर्फ आणि पाणी भरलेल्या बादलीत दहा मिनिटे पुरतात. सूप मात्र वाफाळते वाढू नये. जीभ पोळली की चव समजत नाही, म्हणून ताटात घेतल्यावर पाच मिनिटे थांबावे.

सातशे पन्नास मिलिलिटरच्या बाटलीत पाच पेले होतात, त्यामुळे चौघांना एक पुरते. उरली तर बूच घट्ट लावून बाटली फ्रिजमध्ये उभी ठेवावी. दोन दिवस ती चांगली राहते. सूपही दुसऱ्या दिवशी अधिक दाट होते. ते पाणी न घालता गरम करून, तव्यावर भाजलेल्या आणि लसूण घासलेल्या पावाच्या कापावर पसरावे आणि उरलेला पेला त्याच्याबरोबर घ्यावा.