अस्खलित म्हणजे नक्की काय आणि कुठे वापरायचं

बायोडेटात "अस्खलित इंग्रजी बोलता येतं" असं लिहायचं का नाही, यावर बरेच जण अडतात, कारण त्यांना वाटतं अस्खलित म्हणजे एकही चूक न करता. तसं नाहीये. संस्कृतात स्खल् म्हणजे अडखळणं, घसरणं, भूस्खलनातलं स्खलन तेच, त्याला अ लागला की झालं "न अडखळता". चुकांचं त्यात नावच नाही. क्रियापद चुकलं पण बोलणं चालूच राहिलं तरी ते अस्खलित, आणि एकेक वाक्य मनात जुळवून अगदी बरोबर बोललात तर ते शुद्ध आहे, अस्खलित नाही. हा फरक न कळल्यामुळे चांगलं बोलणारी माणसं उगाच स्वतःला कमी लेखतात, त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

वापरायचा कसा, तर बोलण्यासाठी आणि मोठ्याने वाचण्यासाठी. "ती अस्खलित जर्मन बोलते" किंवा "अस्खलितपणे बोलते", दोन्ही चालतं. "अस्खलित समजतं" मात्र नको, तिथे "नीट समजतं" म्हणा. लिखाणाला ओघवतं किंवा सफाईदार. फाडफाड हा वेग आणि रुबाब दाखवणारा शब्द, गप्पांत ठीक, अर्जात नको. प्रभुत्व त्याहून वरचं, भाषा हवी तशी वळवता येत असेल तरच लिहा. आणि कामापुरतं येत असेल तर सरळ कामापुरतं लिहा, त्यात कमीपणा काही नाही.

टाइप करताना लि पहिली, शब्द तत्सम आहे म्हणून, अस्खलीत नाही. स् पण खाऊ नका.

आपलं बोलणं अस्खलित आहे का हे बघायचं असेल तर काही तयारी न करता कुठल्याही विषयावर 3 मिनिटं मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि आपण कुठे थांबतो ते ऐका. वाक्य संपल्यावर थांबलात तर तो श्वास, पण "मी काल त्याला... ते हे... काय म्हणतात..." असं मधेच शब्द शोधत थांबलात तर ते अडखळणं.

युरोपियन भाषांची परीक्षा दिली असेल तर विशेषणापेक्षा लेव्हलच लिहिलेली बरी. कौन्सिल ऑफ युरोपची 2001 ची ए1 ते सी2 अशी सहा पायऱ्यांची पट्टी आहे, त्यात सी1 चं वर्णन साधारण हेच, फारसे शब्द न शोधता ओघात बोलणं. बी2 वाल्यालासुद्धा समोरच्याशी ताण न येता बोलता येतं, पण तिथे मी अस्खलित न लिहिता "सहज बोलता येतं" एवढंच लिहीन.