रायल्स ट्यूबमधून फीड देताना

रायल्स ट्यूब म्हणजे नाकातून जठरापर्यंत घातलेली नळी. तिच्यातून फीड, म्हणजे पातळ अन्न, देणं अवघड नाही. नळीचं टोक अजून जठरातच आहे ना, हे दरवेळी बघण्याचा कंटाळा येतो आणि घात तिथेच होतो. नळी घातल्यावर एक्स-रेने जागा पक्की केलेली असली, तरी खोकल्याच्या एका उबळीने किंवा कूस बदलताना बसलेल्या हिसक्याने ती सरकते. म्हणून नाकपुडीला लागून नळीवर मार्करची खूण करा, बाहेर राहिलेली लांबी चार्टवर लिहा आणि प्रत्येक फीडआधी दोन्ही ताडून पाहा. टॉर्च लावून घशातही बघा. खूण जागेवर असूनही नळी मागे गुंडाळलेली सापडते.

मग सिरिंजने नळीतून थोडा द्राव ओढून पीएच पट्टीवर, म्हणजे आम्लता दाखवणाऱ्या कागदावर टाका. 5.5 किंवा त्याहून कमी आला तर सुरू करा. आम्ल कमी करणारी औषधं चालू असतील तर आकडा चढा येतो. अशा वेळी अंदाज न बांधता डॉक्टरांना कळवा. हवा ढकलून स्टेथोस्कोपने गुडगुड ऐकायची पद्धत अजून सर्रास चालते, पण नळी फुप्फुसात गेलेली असली तरी तो आवाज पोटावर ऐकू येऊ शकतो. त्यावर विसंबू नका.

पलंगाची डोक्याकडची बाजू 30 ते 45 अंश उचला. नुसत्या उशा रचल्या की मान पुढे वाकते, पोट दबतं आणि पेशंट हळूहळू खाली घसरतो.

फीड खोलीच्या तापमानाला आलेलं असावं. नळी चिमटीत दाबून 50 मिलीच्या सिरिंजचं नळकांडं दट्ट्या काढून जोडा, आधी 30 मिली पाणी सोडा आणि ते संपायच्या आत फीड ओता, म्हणजे मध्ये हवा शिरत नाही. 200 ते 250 मिली फीडला 15 ते 20 मिनिटं लागू द्या. वेग कमी-जास्त करायला सिरिंज खाली-वर धरा; घाई म्हणून दट्ट्या लावून ढकलू नका. ठसका, धाप किंवा ओठांवर निळसर झाक दिसली तर तिथेच थांबा, नळी बंद करा, पेशंटला बसतं ठेवा आणि डॉक्टरांना बोलवा. शेवटी पुन्हा 30 मिली पाणी, आणि पुढचा किमान अर्धा तास डोकं वरच. पाणी मोजून देण्याचे आदेश असतील तर हे पाणीही हिशेबात धरा.

नळी तुंबते ती बहुतेकदा गोळ्यांच्या चुऱ्याने. औषध फीडमध्ये कालवू नका. प्रत्येक गोळी वेगळी बारीक करून पाण्यात विरघळवा, दोन औषधांच्या मध्ये 10 मिली पाणी सोडा. आवरण असलेल्या किंवा हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटायच्याच नाहीत. पातळ औषध मिळतं का ते विचारा. फेनिटॉइन हे झटक्यांवरचं औषध फीडसोबत दिलं तर नीट शोषलं जात नाही आणि झटके येऊ शकतात, त्यामुळे आधी-नंतर फीड किती वेळ थांबवायचं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

तुंबलीच, तर कोमट पाणी भरून मोठ्या सिरिंजने हलक्या हाताने मागे-पुढे करा. छोट्या सिरिंजचा दाब जास्त पडतो, नळी फाटते. तार तर घालूच नका.

जुलाब लागले की पहिला आळ फीडवर येतो. आधी अँटिबायोटिक आणि गोड पातळ औषधं तपासा, पातळ औषधांत गोडीसाठी घातलेलं सॉर्बिटॉल पोट ढिलं करतं. चिकटपट्टी बदलताना नाकपुडीच्या कडेला लाली दिसली तर नळीचा ताण दुसरीकडे वळवा. तोंड दिवसातून दोन-तीनदा स्वच्छ करा, गिळणं नसलं तरी.