भिंत बुजवण्याआधी: घरच्या वायरिंगमधल्या या चुका टाळा

तपासणीत वायरिंग नापास झालं की लोक तपासनिसाला नावं ठेवतात. मला राग येतो तो 'चालतंय ना, मग झालं' म्हणणाऱ्यांचा. वीज चुकीच्या जोडणीवरही चालतेच.

माझा सगळ्यात नावडता प्रकार म्हणजे सॉकेटमध्ये न्यूट्रलचा (वीज परत नेणाऱ्या वायरचा) तुकडा अर्थच्या (गळती जमिनीत उतरवणाऱ्या) पिनला जोडणं. एका घरात नवा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच), तीस मिलिअँपिअरचा, सारखा पडायचा. वायरमनने दोन बदलले, तिसरा सरळ बायपास केला. मी टेस्ट बटण दाबलं तर ढिम्म. मग डीबीतले, म्हणजे घरच्या वीजपेटीतले, न्यूट्रल एकेक सोडवून कुठला अर्थला जोडला गेलाय ते मोजत बसलो. उपकरणं काढलेली होती, त्यामुळे सगळं स्वच्छ. गीझरचा प्लग परत लावला आणि मीटरवर रीडिंग आलं! त्या पॉइंटपर्यंत अर्थची वायर ओढलीच नव्हती, पठ्ठ्याने आतल्या आत न्यूट्रलवरून 'अर्थ' दिला होता. तिथून थोडा प्रवाह गीझरच्या अंगातून लोखंडी नळात उतरायचा, म्हणून आरसीसीबी पडायचा. तो बिचारा खरं बोलत होता. बायपासनंतर तो न्यूट्रल कुठे सुटला असता, तर गीझरच्या अंगावर फेज, म्हणजे जिवंत वीज, आला असता. गंमत म्हणजे तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर ही लबाडी पकडत नाही, 'सगळं ठीक' सांगतो. डीबीपासून नवी अर्थ वायर ओढली, आरसीसीबी परत लावला, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

दुसरी घाई प्लास्टरची. तपासणीआधी भिंत बुजवली, तर पाइपात काय आहे हे दाखवायला ती फोडावीच लागते. मी प्रत्येक भिंतीचा फोटो काढतो, शेजारी मेजर टेप धरून. पुढे खिळा ठोकतानाही तो कामी येतो.

एमसीबी (प्रवाह जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) पडतो म्हणून मोठा बसवू नका. तो वायर वाचवायला असतो, मिक्सर नव्हे. टेप गुंडाळलेला जॉइंट भिंतीत पुरू नका, तो उघडता येईल अशा बॉक्समध्येच हवा. स्विच फेजवर, न्यूट्रलवर कधीच नाही. स्क्रू आवळल्यावर प्रत्येक वायर ओढून बघा. मी दोनदा बघतो, हसणारे हसोत.

आणि डीबीवर नावं लिहा. 'लाइट १', 'लाइट २' नको, खोलीचं नाव लिहा.